तळघरातलं पाणी उपसायची घाई नको

वाचकाचं पत्र : ‘आमच्या घराला साधारण २० बाय १५ फुटांचं तळघर आहे. सलग पाऊस झाला आणि त्यात कमरेपर्यंत, म्हणजे ३ फूट तरी पाणी भरलं. घरातली बहुतेक दुरुस्तीची कामं मी स्वतःच करतो, आणि हेही मलाच करायचं आहे. काल रात्री खालचे दिवे चालू होते म्हणून उतरलो आणि आईच्या वह्या व फोटोंची पेटी वर आणली. सगळं भिजलंय. मित्राकडे पेट्रोलवर चालणारा पंप आहे. तो तळघरात नेऊन एका दमात पाणी काढावं आणि मग भिंतींना आतून वॉटरप्रूफिंगचा रंग द्यावा, असा बेत आहे. बायको म्हणते, आधी कोणाला तरी विचारा. म्हणून विचारतोय.’

नमस्कार,

एक विनंती आहे. हे पूर्ण वाचून होईपर्यंत तळघराचा जिना उतरू नका.

दिवे चालू होते म्हणून तुम्ही काल निर्धास्त उतरलात. पण दिवे चालू होते याचाच अर्थ तळघराचा वीजपुरवठा चालू होता, आणि ३ फूट पाण्यात जमिनीलगतचे सगळे प्लग पॉइंट बुडालेले होते. आईच्या वस्तूंसाठी जीव कासावीस होणं मी समजू शकते, तरी त्या पाण्यात पुन्हा पाऊल टाकू नका. मेन स्विच वरच्या मजल्यावर असेल आणि कोरड्या जागी उभं राहून हात पोचत असेल तर आत्ता बंद करा. तो तळघरातच असेल, किंवा तिथपर्यंत जायला ओल्या फरशीवरून जावं लागत असेल, तर हात लावू नका. वीज कंपनीला फोन करा आणि पुरवठा बाहेरूनच तोडायला सांगा. रबरी बूट घालून किंवा लाकडी काठीने स्विच पाडायचा विचारही नको. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे इन्व्हर्टर. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर घराला वीज देतच राहतो. छतावर सोलर पॅनेल असतील तर उन्हात त्यांच्या वायरमध्येही वीज असते. ते बंद झाल्याची खात्री होईपर्यंत वीज गेली असं समजू नका. गॅसचा वास येत असेल तर कुठलाच स्विच न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

आता वह्या आणि फोटो. तळघर चार दिवस थांबेल, पण ओल्या कागदावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, म्हणून हे आजच करा. फोटोंना चिखल लागला असेल तर पसरट भांड्यात स्वच्छ थंड पाणी घेऊन एकेक फोटो हलकेच बुचकळून काढा. चित्राच्या बाजूला बोट किंवा फडकं लावू नका, ओला थर जरासा घासला तरी निघून येतो. दोन फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. पाण्यात राहू द्या, बऱ्याचदा आपोआप सुटतात. मग चित्राची बाजू वर करून सावलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर पसरा. वह्यांच्या बाबतीत शाई बघा. शाईच्या पेनाचं अक्षर पाण्यात पसरतं, अशी पानं धुऊ नका. थोड्या थोड्या पानांमागे टिपकागद किंवा साधा पांढरा कोरा कागद घाला आणि तो भिजला की बदला. एवढ्या वह्या एका दिवसात हाताळणं जमणार नसेल तर प्रत्येक वही वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि मग महिनाभराने एकेक वही काढून सावकाश वाळवता येते. जुनी कागदपत्रं सांभाळणारे लोक हेच करतात.

पेट्रोलचा पंप तळघरात न्यायचा नाही. याला अपवाद नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तळघरासारख्या कोंडलेल्या जागेत माणसाला काही कळायच्या आत तो बेशुद्ध करतो. खिडकी उघडी ठेवली, दारात उभा राहिलो, याने काहीही फरक पडत नाही. इंजिन घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब ठेवा, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला करा आणि फक्त पाईप आत घ्या. जनरेटर लावणार असाल तर त्यालाही हाच नियम.

पंप बाहेर ठेवूनही ‘एका दमात’ काढायचं नाही. तुमच्या पत्रातला मला सर्वांत काळजीचा वाटलेला शब्द हाच, कारण घाईने उपसल्यामुळे भिंत आत आल्याची उदाहरणं आहेत आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

सलग पावसानंतर तळघराच्या भिंतीबाहेरची माती पाण्याने तट्ट भरलेली असते. ती माती आणि तिच्यातलं पाणी भिंतीला आत ढकलत असतं. आत साठलेलं पाणी भिंतीला बाहेर ढकलत असतं. म्हणजे ज्या पाण्याचा तुम्हाला राग येतोय, तेच या घडीला तुमच्या भिंतींना टेकू देतंय. आकडेच बघा. ३ फूट उंच पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला ४०० किलोहून जास्त जोराने रेटतं. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो, म्हणजे ६ फुटांना १,६०० किलोच्या पुढे. बाहेर जमिनीच्या वरपर्यंत पाणी मुरलेलं असताना आतला टेकू तासा-दोन तासांत काढून घेतला तर सगळा भार एकट्या भिंतीवर येतो. विटांची किंवा दगडांची जुनी भिंत तो पेलेलच असं नाही. लादीलाही खालून तसाच दाब असतो. रिकामी कळशी पाण्यात दाबून धरली की ती जशी हाताला वर ढकलते, तसं भिजलेल्या मातीतलं रिकामं तळघर वर उचललं जायला बघतं, आणि लादी फुगते किंवा मधोमध तडकते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पाऊस थांबू द्या आणि घराभोवती जमिनीवर साचलेलं पाणी ओसरू द्या. मग पाणी १ फूट उतरेल इतकंच उपसा आणि पंप बंद करा. पातळीच्या रेषेवर भिंतीला खडूने खूण करा, बाजूला वेळ लिहा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी पाणी खुणेच्या वर चढलेलं दिसलं तर बाहेरची जमीन अजून भरलेली आहे. तेव्हा आणखी एक दिवस थांबा. पातळी खुणेवरच असेल तर पुढचा १ फूट काढा. तुमच्या तळघरात ३ फुटांचं मिळून साधारण २५ हजार लिटर पाणी आहे, म्हणजे दिवसाला साडेआठ हजार लिटर. साधा पंपही हे काम आरामात करतो, त्यामुळे मोठ्या इंजिनाची गरज मुळात नाहीच. अधूनमधून जिन्यावरूनच टॉर्च मारून भिंती बघत राहा. नवीन आडवी भेग दिसली, भिंत पोटात आल्यासारखी वाटली किंवा दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, तर पंप लगेच बंद करा आणि तळघरात कोणालाही जाऊ देऊ नका.

पाईप लावून सायफनने पाणी निघेल का, असं बरेच जण विचारतात. पाईपचं बाहेरचं टोक तळघरातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तरच. घर उतारावर नसेल तर ते शक्य नाही. पाण्यात बुडवायचा विजेचा पंप वापरणार असाल तर प्लग वरच्या कोरड्या मजल्यावर असू द्या, तोही विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या ब्रेकरवरून, आणि वायरला मध्ये कुठेही जोड नको. हा वरचा पुरवठा, तळघराची लाइन पूर्ण तोडलेली आहे हे बघून, इलेक्ट्रिशियनकडूनच सुरू करून घ्या. पंप थेट जमिनीवर ठेवला की गाळ ओढून अडकतो. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवा आणि बादली दोरीने सोडा, म्हणजे पाण्यात उतरावंही लागणार नाही. उपसलेलं पाणी घराच्या पायथ्याशी सोडू नका, तेच पाणी फिरून आत येतं. उताराच्या बाजूला, लांब सोडा.

उपसा चालू असताना एक काम डोळ्यांनी करायचं आहे, आणि पुढचा सगळा खर्च त्यावर ठरणार आहे. पाणी कुठून आलं ते शोधायचं. पावसाळ्यात भरलं म्हणजे पावसाचंच, असं गृहीत धरू नका. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा तरीही फिरत असेल तर एखादी पाईपलाइन फुटली आहे आणि त्याचा पावसाशी संबंध नाही. पाण्याला घाण वास असेल, ते जमिनीतल्या जाळीतून किंवा संडासाच्या भांड्यातून वर आलं असेल, तर ड्रेनेज तुंबून उलटलं आहे. पाऊस जोरात असतानाच पाणी आलं आणि खिडकीखाली किंवा एकाच कोपऱ्यात ओघळ दिसतात, तर ते वरून, छताचं किंवा अंगणाचं पाणी. पाऊस थांबल्यावर काही तासांनी, शांतपणे, भिंत आणि जमीन मिळतात त्या सांध्यातून चढत आलं, तर ते जमिनीखालचं पाणी. तुमच्या पत्रात हे कुठेच नाही. घरातल्या सगळ्यांना बसवून विचारा : आधी ओल कुठे दिसली, किती वाजता, तेव्हा पाऊस पडत होता का? आणि साफसफाईला हात लावण्याआधी चहूबाजूंनी फोटो काढून ठेवा. विम्यासाठी लागतील, आणि दुरुस्तीच्या वेळी स्मरणापेक्षा फोटो खरं सांगतात.

पाणी निघालं की लगेच गाळ काढा. भिंती ओल्या असतानाच वरून खाली पाण्याने धुवा; एकदा चिखल वाळला की खरवडत बसावं लागतं. गमबूट, रबरी हातमोजे आणि मास्क घाला. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं, आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साध्या खरचटलेल्या जागेतूनही शरीरात जातात. तुम्ही काल त्या पाण्यात उतरलात, तेव्हा पायावर जखम किंवा चिरलेलं असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर तळघरातल्या पाण्याचा उल्लेख आवर्जून करा. आपण सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या ते लक्षात येईलच असं नाही.

गाद्या, गालिचे, भुशाच्या बोर्डाचं फर्निचर यांचा मोह सोडा. धातू, काच, प्लास्टिक आणि भरीव लाकूड धुऊन वाळवून वाचतं. भिंतीला जिप्सम बोर्ड असेल तर पाण्याच्या रेषेच्या फूटभर वरून कापून काढा. तो पाणी वर ओढतो आणि बुरशी मागच्या बाजूला वाढते, जिथे आपल्याला दिसत नाही. आधी साबणाच्या पाण्याने घासा, नंतर जंतुनाशक म्हणून ४ लिटर पाण्यात साधारण १ कप ब्लीच. चिखलावर ओतलेलं ब्लीच वाया जातं, म्हणून घासणं आधी. संडास धुवायचं अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर ब्लीचमध्ये मिसळू नका, आणि एका पाठोपाठ एकही वापरू नका. त्यातून विषारी वायू निघतो, आणि तळघरात तो बाहेर जायला जागा नसते. भिजलेली मोटर, वॉशिंग मशीन, स्विचबोर्ड ‘आता वाळलंय’ म्हणून चालू करून बघायचं नाही. पाण्यात बुडालेले ब्रेकर बदलावेच लागतात, आणि हे काम इलेक्ट्रिशियनचं.

वाळवण्यात लोक सर्वांत जास्त फसतात. खिडक्या उघडून टाकल्या की झालं, असं वाटतं. पण बाहेरची हवा दमट आणि उबदार असेल तर ती तळघराच्या गार भिंतींना लागून तिथेच पाणी सोडते, आणि भिंत कोरडी व्हायची तिथे आणखी ओली होते. बाहेर कोरडं ऊन असेल तेव्हाच खिडक्या उघडा आणि पंखा खिडकीच्या तोंडाशी, हवा बाहेर फेकेल असा लावा. दमट दिवसांत खिडक्या बंद आणि हवेतली ओल ओढणारं डीह्युमिडिफायर चालू, हे बरं. एक छोटा आर्द्रता मीटर आणून भिंतीला टांगा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ५० च्या आसपास राहिला पाहिजे. हात लावून भिंत कोरडी वाटते तेव्हाही काँक्रीट आणि वीट आतून ओलीच असते. पूर्ण सुकायला आठवडे लागतात.

आता रंग. तुमच्या बेतातला हा भाग मी तूर्त रद्द करायला सांगेन. ओल्या भिंतीवर आतून दिलेला रंग पहिल्या वर्षी छान दिसतो, आणि पाणी भिंतीमागे तसंच उभं राहतं. ते रंगाला मागून रेटतं, विटेतले क्षार बाहेर आणतं, पांढरी खारट पूड फुटते आणि पोपडे निघतात. रंगाच्या आधी एक साधी परीक्षा करा. भिंत वरवर कोरडी झाली की २ फूट बाय २ फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती हवेतली ओल, आणि मग तुम्हाला वॉटरप्रूफिंगची नाही, वायुवीजनाची गरज आहे. अशी परीक्षा किमान तीन-चार ठिकाणी करा, एकाच भिंतीवर विसंबू नका.

ओल भिंतीतून येत असेल तरी कामाला बाहेरून लागा. त्यातली बरीच कामं तुमच्यासारख्या हौसेने राबणाऱ्या माणसाला सहज जमतील. १,००० चौरस फुटांच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी जमतं. पन्हळ पाल्यापाचोळ्याने तुंबली असेल, किंवा तिचा पाईप भिंतीच्या पायाशीच संपत असेल, तर ते सगळं पाणी तुमच्या तळघराच्या भिंतीलगत मुरतं. पन्हळ साफ करा आणि पाईप भिंतीपासून ६ ते १० फूट लांब न्या. मग घराला फेरी मारून जमिनीचा उतार बघा. पहिल्या १० फुटांत जमीन किमान ६ इंच खाली गेली पाहिजे. भिंतीलगतचा भराव वर्षानुवर्षं दबून कित्येक घरांत उतार उलटा, घराकडे झालेला असतो, आणि राहणाऱ्यांच्या ते लक्षातच आलेलं नसतं. चिकण मातीचा भराव टाकून, धुमसून तो उतार परत बाहेरच्या दिशेला करा. फावडं-घमेल्याचं काम आहे, पण माझ्या मते तळघरासाठी याच्याइतकं स्वस्त आणि गुणकारी दुसरं काही नाही. बाहेरून भिंत खणून वॉटरप्रूफिंग करण्याचा विचार पुढचा पाऊस बघून मगच करा, आणि तेव्हाही स्वतः खणू नका. खोल चर ढासळून त्यात माणसं गाडली जातात.

भेगांच्या बाबतीत दिशा महत्त्वाची. केसाएवढी उभी भेग बहुधा काँक्रीट आकसल्याची असते. पाणी त्यातून वाहत असतानाच, काही मिनिटांत फुगून घट्ट होणाऱ्या सिमेंटने ती तात्पुरती बुजवता येते, आणि पुढे पॉलियुरेथेनचं इंजेक्शन देऊन कायमची. भिंतीच्या मधोमध आडवी गेलेली भेग मात्र बाहेरच्या मातीचा रेटा सांगते. ती बुजवू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भेग वाढते आहे का याची शंका असेल तर तिच्यावर आडवी, बोटभर रुंद प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावा आणि पट्टीवरच तारीख लिहा. भेग जराशी हलली तरी पट्टी तडकते.

पाणी ड्रेनेजमधून उलटलं असेल तर वरचं काहीच उपयोगाचं नाही. मुख्य सांडपाण्याच्या लाइनवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह प्लंबरकडून बसवून घ्या. आणि पाणी जमिनीखालून येत असेल तर तळघराच्या सर्वांत खोल कोपऱ्यात झाकणाचा खड्डा करून त्यात फ्लोट स्विचचा, म्हणजे पाण्याबरोबर तरंगता फ्लोट वर आला की आपोआप चालू होणारा पंप ठेवावा लागेल. त्याच्या पाईपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर पंप थांबला की पाईपमधलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप दिवसभर चालू-बंद होत राहतो. त्याला बॅटरीची सोयही करा, कारण जोराच्या पावसात वीज जाते ती नेमकी पंप लागतो तेव्हाच. पावसाळ्याआधी खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता. फ्लोट वर आला, पंप चालू झाला आणि पाणी बाहेरच्या तोंडातून पडताना तुम्ही स्वतः पाहिलं, तरच तो पंप चालतो असं धरा.